जीएनएम दुसरं वर्ष: केअर प्लॅनच्या नोंदी

११ जुलै २०२४

या नोंदी माझ्यासारख्या उशिरा शिकायला बसलेल्या एएनएमसाठी, म्हणजे उपकेंद्रावरच्या आरोग्यसेविकांसाठी आहेत. जीएनएमला, म्हणजे तीन वर्षांच्या नर्सिंग डिप्लोमाला, वयाची वरची अट ३५ वर्षांची, पण एएनएम आणि एलएचव्हीला (एएनएमवर देखरेख करणाऱ्या ताईंना) ती लागू नाही. हे आमच्याच लाइनीतल्या कितीतरी जणींना माहीत नसतं. मला कळलं तेव्हा चाळिशी उलटली होती. पहिलं वर्ष निघालं. अॅनॅटॉमीने रडवलं, बाकी ठीक. आता दुसरं वर्ष, म्हणजे मेडिकल-सर्जिकल, बालरोग आणि मानसोपचार. आणि प्रत्येक पोस्टिंगला केअर प्लॅन, म्हणजे एका रुग्णाची काळजी कशी घ्यायची याचा लेखी आराखडा.

पैशाचं आधी सांगते, कारण फोन करणाऱ्या मैत्रिणी तेच आधी विचारतात. कंत्राटी नोकरी सोडली, म्हणजे तीन वर्षं पगार नाही. फी हप्त्याने भरतोय. युनिफॉर्म, बूट, जर्नल हे धरलेलं होतं. न धरलेला खर्च झेरॉक्सचा आणि येण्याजाण्याचा, आणि तोच दर महिन्याला डोकं वर काढतो.

उपकेंद्रावर लिहिणं कमी नव्हतं. आरसीएच (माता-बाल आरोग्य) रजिस्टर, ड्यू लिस्ट, लसीकरणाची टॅली शीट, सगळं हातातलं. पण ते आकडे भरणं. झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅगसल्फचा, म्हणजे झटके थांबवायच्या औषधाचा, पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत टोचून १०८ मध्ये चढवलं की माझं काम संपायचं. ती पुढे कुठे जाते, तिच्या उशाशी रात्रभर कोण काय बघतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. केअर प्लॅन म्हणजे नेमकं ते.

आमच्या फॉर्मॅटमध्ये सात रकाने: असेसमेंट, नर्सिंग डायग्नोसिस, ध्येय, नियोजन, कारण, अंमलबजावणी, मूल्यमापन. असेसमेंटचे पुन्हा दोन भाग, रुग्ण काय सांगतो ते आणि आपल्याला काय दिसतं ते. सीनियर मुलींनी मागच्या बॅचच्या जर्नलचा झेरॉक्स गठ्ठा हातात दिला. "ताई, यातून उतरवा. सगळ्याच उतरवतात." झेरॉक्सचे पैसे गेले. गठ्ठ्यातला प्रत्येक रुग्ण घाबरलेला, प्रत्येकाला झोप कमी आणि प्रत्येकाला तीन दिवसांत आराम. अपेंडिक्स असो की कावीळ.

१६ जुलै

फिमेल मेडिकल वॉर्ड. मला मिळालेला पहिला रुग्ण म्हणजे पेठ तालुक्यातल्या एक आजी, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुना आजार). विडी-तंबाखू काही नाही, आयुष्यभर चुलीचा धूर.

प्लॅन परत आला, लाल शाईने भरून. डायग्नोसिसच्या रकान्यात मी "सीओपीडी" लिहिलं होतं. ते डॉक्टरांचं निदान, केसपेपरवर आधीच आहे. आपल्या रकान्यात त्या आजारामुळे या बाईला काय जड जातंय आणि त्यात नर्स काय करू शकते ते यायला हवं. ध्येयात लिहिलं होतं, "रुग्णाला आराम मिळेल." त्यावर आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी एवढंच विचारलं, "ताई, मिळाला हे कळणार कशावरून?"

मॅडम माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान आहेत. त्या मला ताई म्हणतात, मी त्यांना मॅडम. पहिल्या वर्षी दोघींनाही अवघडल्यासारखं व्हायचं, आता सवय झाली. लाल शाईला वय नसतं.

अनुभव असलेल्या बाईची अडचण वेगळी असते, ते इथे कळलं. माझ्या वर्गातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुली आजीकडे पाच मिनिटं बघत बसतात, कारण काय करायचं ते त्यांना माहीत नसतं. मी बघायच्या आतच उशी लावलेली असते, पाठीशी चादर गुंडाळून दिलेली असते. काम बरोबर झालं, पण का केलं ते कागदावर येत नाही. म्हणून पुन्हा जाऊन नुसती बघत उभी राहिले. श्वास मिनिटाला २८. ऑक्सिजनशिवाय एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, टक्क्यांत) ८६. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जातात. आजी पाय खाली सोडून खाटेच्या कडेला बसलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. नाव विचारलं तर नाव सांगून थांबल्या, श्वास घेतला, मग गाव सांगितलं. एका दमात दोन शब्द.

हे सगळं असेसमेंटमध्ये गेलं. डायग्नोसिस झालं "इम्पेअर्ड गॅस एक्सचेंज", म्हणजे फुफ्फुसांतली वायूंची देवाणघेवाण बिघडलेली, कारण आणि पुराव्यासकट. ध्येय: ४८ तासांत श्वास २४ च्या आत, ऑक्सिजनवर एसपीओटू ८८ ते ९२, आणि आजी एका दमात पूर्ण वाक्य बोलतील. शेवटची ओळ माझी, पुस्तकातली नाही. मॅडमनी तिच्यावर बरोबरची खूण केली.

१९ जुलै

प्लॅन पास झाला आणि वॉर्डात नापास झाला.

आजीला नळीने दोन लिटर ऑक्सिजन चालू होता. रात्री मुलाने फ्लोमीटरची चावी फिरवून सहावर नेली. आई तळमळतेय, जास्त दिला तर बरं वाटेल, असा त्याचा साधा हिशोब. सकाळी बोटाला प्रोब लावला तर ९७. मुलगा खूश. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा म्हणाली, आज आजी शांत झोपल्यात. पण आजी शांत नव्हत्या, गुंगीत होत्या. हाक मारली की डोळे उघडायच्या आणि वाक्य अर्धवट ठेवून पुन्हा मिटायच्या. इनचार्ज सिस्टरांनी आधी फ्लो खाली आणला, मग डॉक्टरांना बोलावलं. अशा रुग्णांत ऑक्सिजन वाजवीपेक्षा जास्त गेला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि रुग्ण झोपेत जातो. दुपारपर्यंत आजी पुन्हा बोलत्या झाल्या.

८८ ते ९२ हे माझ्या प्लॅनमध्ये होतं. पण प्लॅन माझ्या जर्नलमध्ये आणि जर्नल माझ्या पिशवीत! खाटेशी रात्रभर जो माणूस बसतो त्याला कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. आता नियोजनात ओळ घातली: नातेवाइकांना चावीला हात न लावण्याचं कारणासकट सांगणे, सांगितलेलं त्यांच्याकडून परत वदवून घेणे. आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत "८८ ते ९२, चावी फक्त सिस्टर फिरवतील" लिहून फ्लोमीटरला दोरीने अडकवलं.

घरी जाताना चुलीचं काय, हा भाग मला सोपा गेला. गॅस आहे का विचारलं की सगळे हो म्हणतात. भाकरी कशावर भाजता, हे विचारायचं. सून म्हणाली, चुलीवरच. मग खोपटाच्या कोणत्या बाजूला चूल, आजी कुठे झोपतात, तिथून बोलणं सुरू झालं.

२९ जुलै

मेल मेडिकल, संध्याकाळची ड्युटी, २ ते ८. इगतपुरीकडचा तिशीतला माणूस, भातलावणी करताना घोणस चावली. उजव्या पावलावर दोन दात. घरच्यांनी साप मारून पिशवीत आणला होता, म्हणून घोणस हे नक्की. गावात कोणीतरी पायाला सुतळी बांधली होती आणि दंशाच्या जागी ब्लेडने चीर दिली होती. सुतळी कॅज्युअल्टीत सोडली. चीर मात्र थेंबाथेंबाने गळतच होती.

रक्त गोठतं का ते बघायची २० मिनिटांची चाचणी मी पहिल्यांदा स्वतः केली. शिरेतून २ मिली रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, हलवायचं नाही, २० मिनिटांनी एकदाच तिरकं करायचं. वॉर्डात सगळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या. काचेची आणायला लॅबपर्यंत पळावं लागलं. लॅबवाल्या दादांनी कोरी नळी दिली आणि बजावलं, धुतलेली घेऊ नका. साबणाचा अंश राहिला तर रक्त गोठणारं असूनही गोठत नाही. प्लॅस्टिकच्या नळीतही फसगत होते. हे जर्नलमध्ये ठळक लिहून ठेवलंय. २० मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखं काचेवरून धावलं.

एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल. पावडर विरघळवताना व्हायल हलवायची नाही, तळहातावर फिरवायची, नाहीतर फेस होतो. रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये तयार. पहिली काही मिनिटं खाटेपासून हलायचं नाही. खाज, गांधी, थंडी, बीपी, सगळ्यावर नजर. तासाभरात सलाईन संपलं, ३.४० ला.

प्लॅन त्याच संध्याकाळी लिहिला. त्यात जखमेपुढे सवयीने टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचं) इंजेक्शन लिहिलं. उपकेंद्रावर जखम म्हटलं की हात आपोआप त्या शीतपेटीकडे जायचा. इनचार्ज सिस्टरांनी पेन काढून ओळ खोडली. रक्त गोठत नसताना स्नायूत सुई म्हणजे आत रक्ताची गाठ. टीडी द्यायचं, पण चाचणी नॉर्मल आल्यावर.

डायग्नोसिसलाही कात्री लागली. मी "रक्तस्रावाचा धोका" असं लिहून पुढे पुरावा म्हणून हिरड्यांतून येणारं रक्त दिलं होतं. धोक्याच्या डायग्नोसिसला पुरावा नसतो, फक्त धोका कशामुळे ते असतं. पुरावा दिसतोय म्हणजे ते घडलेलं आहे. शिवाय ते थांबवणं एकट्या नर्सच्या हातात नाही. मॅडमनी ते वेगळ्या ओळीत घ्यायला लावलं: संभाव्य गुंतागुंत, रक्तस्राव आणि मूत्रपिंड निकामी होणं. आपण काय बघायचं, किती झालं की कळवायचं, एवढंच तिथे. लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली किंवा रंग काळपट झाला की लगेच डॉक्टरांना.

३१ जुलै

याच प्लॅनमध्ये दोन गोष्टी फसल्या, दोन्ही सविस्तर लिहिते.

एक, पायाची सूज. टेपने पोटरीचा घेर मी संध्याकाळी ३६ सेंटिमीटर लिहिला. रात्रीच्या मुलीने ३९. सूज वाढली म्हणून धावपळ झाली. सकाळी पुन्हा मोजलं तर ३६.५. पाय तोच, टेप तोच, मोजायची जागा प्रत्येकीची वेगळी. मग गुडघ्याच्या वाटीखाली १० सेंटिमीटरवर बॉलपेनने आडवी रेघ मारली आणि प्लॅनमध्ये लिहिलं, "रेघेवर टेप." सूज वर कुठवर चढली ती कडही पेनने आखून शेजारी वेळ टाकली. त्यानंतर कोणाचाच आकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त हलला नाही.

दुसरी गोष्ट महागात पडली. नियोजनात लिहिलं होतं, "सहा तासांनी रक्त गोठण्याची चाचणी पुन्हा करणे." बरोबर वाक्य आहे, पुस्तकात तसंच आहे. आठला मी घरी गेले. रात्रीच्या सिस्टर आल्या, त्यांच्याकडे भरलेला वॉर्ड. सहा तास कधीपासून? चावल्यापासून, भरती झाल्यापासून, की सलाईन संपल्यापासून? चाचणी अकरानंतर झाली. रक्त अजूनही गोठत नव्हतं, एएसव्हीचा पुढचा डोस तेवढा उशिरा सुरू झाला.

आता मी "दर सहा तासांनी" कुठेच लिहीत नाही. "रात्री ९.४०, पहाटे ३.४०, काचेची नळी ट्रेच्या डाव्या कप्प्यात" असं लिहिते. आणि हँडओव्हरला ती ओळ तोंडाने वाचून दाखवते. मॅडम म्हणाल्या, परीक्षेत "दर सहा तासांनी" चालेल. चालू दे.

रुग्ण सुधारतोय. लघवी चांगली आहे, आजची नळी गोठली. टीडी आज दिलं.

१२ ऑगस्ट

वेळेचा हिशोब. एका प्लॅनला घरी तीन-चार तास जात होते, त्यातले निम्मे इंग्रजी वाक्य जुळवण्यात. मुलगी दहावीला, तिचा अभ्यास आणि माझा एकाच टेबलावर. तिने माझी वाक्यं तपासायची आणि मी तिची गणितं टाळायची, असं चाललंय.

एक सुधारणा उपयोगी पडली. आधी मी वॉर्डात काम करून घरी आठवून लिहायची. रात्री अकराला कोणाचा श्वास २४ होता आणि कोणाचा २६, हे आठवत नाही; मग माणूस पुस्तकातला आकडा टाकतो. आता एप्रनच्या खिशात छोटी वही. डाव्या पानावर रुग्ण बोलला तसं, त्याच्याच शब्दांत, मराठीत. उजव्या पानावर दिसलं आणि मोजलं ते, वेळेसकट. नाव लिहीत नाही, फक्त खाट नंबर. वही हरवली तर कोणाचं घरगुती चव्हाट्यावर यायला नको.

चष्मा केला. अँप्यूलवरची अक्षरं कधीपासूनच दिसत नव्हती, शेजारच्या मुलीला "जरा वाच गं" म्हणत होते. औषधाच्या बाबतीत हा खेळ बरा नाही. वर्गात शिकायला चाळिशीनंतर येणार असाल तर फीच्या आधी चष्म्याचा खर्च धरा.

२६ ऑगस्ट

बालरोग. जुलाबाचं बाळ, ८ किलो, पाण्याची कमतरता मध्यम. हा प्लॅन एकाच बैठकीत झाला, कारण ही माझी जुनी वाट. किलोला ७५ मिली याप्रमाणे ६०० मिली ओआरएस ४ तासांत, चमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. झिंक २० मिलीग्रॅम, १४ दिवस. स्तनपान चालू.

मॅडमना आवडला तो घरी सोडतानाचा भाग. आईला "एक लिटर पाण्यात एक पुडी" सांगून काही होत नाही. घरात लिटर मोजायला काय आहे? कोणाकडे पाण्याची बाटली असते, कोणाकडे फक्त तांब्या. मी तिला घरून तांब्याच आणायला सांगितला. वॉर्डातल्या बाटलीने पाणी ओतून बघितलं, लिटर कुठवर येतं तिथे बाहेरून नेलपॉलिशने खूण केली. नेलपॉलिश वर्गातल्या मुलीचं, गडद लाल.

९ सप्टेंबर

पुन्हा मेल मेडिकल. निफाडकडचे बाबा, पासष्टीचे, पक्षाघात. उजवी बाजू लुळी, बोलणं गेलेलं, समजतं थोडंफार. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), लघवीसाठी कॅथेटर. या पोस्टिंगचा मोठा प्लॅन यांच्यावर.

ब्रेडन स्केलने बेडसोअरचा (पडून राहून होणाऱ्या जखमेचा) धोका काढला: २३ पैकी १०. जितका आकडा कमी तितका धोका जास्त, १८ किंवा त्याखाली आलं की सावध व्हायचं. बाबांना कुशीवर करून माकडहाडापाशी बघितलं. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने चाचपलं. रुपयाएवढी जागा आजूबाजूपेक्षा गरम आणि जरा घट्ट. बोटाने दाबून सोडलं तर रंग पांढुरका व्हायला हवा होता, झाला नाही. म्हणजे पहिली पायरी सुरू झालेली.

वॉर्डाच्या सवयी मोडणं जड गेलं. मावशींनी लगेच स्पिरिट आणि पावडर काढली, पाठ चोळायला. लाल झालेल्या जागेवर चोळलं तर आतला मांसल भाग आणखी दुखावतो, हे त्यांना सांगताना माझीच जीभ अडखळली. कारण मीसुद्धा वर्षानुवर्षं चोळलंय. टाचांखाली पाणी भरलेले ग्लोव्हज ठेवले होते, तेही काढले. त्याने टाच उचलली जात नाही, नुसती मऊ जागेवर दाबली जाते. पोटरीखाली उशी लांबीने घातली की टाच हवेत राहते. टाचेखालून कागद आरपार गेला पाहिजे, हे माझं माप.

१४ सप्टेंबर

प्लॅनमधल्या दोन ओळी एकमेकींशी भांडतायत.

ओळ पहिली: दर दोन तासांनी कूस बदलणे. ओळ दुसरी: ट्यूबमधून २०० मिली फीड दर दोन तासांनी, देताना आणि नंतर अर्धा तास डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, नाहीतर फीड फुफ्फुसात जाण्याची भीती. दोन्ही बरोबर. पण मुलींनी फीड दिलं, बाबांना उंच केलं, आणि दहा मिनिटांत कूस बदलायची वेळ झाली म्हणून आडवं करून फिरवलं. एकदा तोंडातून फीड बाहेर आलं. उलट बाजूने, उंच करून ठेवलं की बाबा घसरत खाली येतात आणि माकडहाडाची कातडी ओढली जाते, नेमकी तीच जागा.

इनचार्ज सिस्टरांबरोबर बसून वेळा नव्याने लावल्या. सम तासाला पाच मिनिटं आधी कूस बदलायची, मग ट्यूब जागेवर आहे का बघायचं, मग फीड, मग अर्धा तास ३० अंशांवरच, त्याहून वर नाही. गुडघ्याखाली उशी, म्हणजे घसरणं कमी. रात्री दहानंतर फीड नाही, तेव्हा फक्त कूस. खाटेला डोक्याची बाजू वर करायचा हँडल नव्हता. अख्ख्या ओळीत एकच हँडल, तो वॉर्डबॉय मामांकडे. मामा चहाला गेले की बाबा आडवेच. शेवटी बाबांना हँडल शाबूत असलेल्या खाटेवर हलवलं. या हलवाहलवीत अर्धी सकाळ गेली आणि ती कोणत्याच रकान्यात बसत नाही.

कूस बदलण्याच्या तक्त्याबद्दल खरं ते लिहिते. बहुतेक ठिकाणी तो पाळी संपताना एकदम भरला जातो, सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच तिरकेपणाच्या. रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो, तिला दोष देत नाही. पण मग प्लॅनमध्ये ज्याचं नाव लिहायचं तो माणूस दुसरा हवा. बाबांचा मुलगा आणि सून आळीपाळीने थांबतात. त्यांना शिकवलं. पुठ्ठ्यावर घड्याळ काढलं, प्रत्येक सम तासासमोर डावी, पाठ, उजवी. लुळ्या उजव्या बाजूवर कमी वेळ. खूण त्यांनीच करायची.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. मुलगा विसर्जनाला गावी गेला, ते साहजिकच. सून एकटी. बाबांचं वजन सत्तरच्या आसपास, तिच्याने ते फिरेनात. रात्री आठपासून पहाटेपर्यंत पुठ्ठ्यावरच्या जागा कोऱ्या. खोट्या खुणा नाहीत याचंच मला बरं वाटलं. आज ती जागा रुपयाहून मोठी, पण कातडी फाटलेली नाही.

माझ्या प्लॅनने दोन माणसं गृहीत धरली होती. आज आडव्या चादरीची युक्ती शिकवली. खांद्यापासून मांडीपर्यंत घडी केलेली चादर कायम अंगाखाली ठेवायची, एका बाजूने गुंडाळून धरायची आणि स्वतःचा गुडघा खाटेला टेकवून अंगाच्या वजनाने ओढायची. ३० अंश कलला तरी पुरतं, पूर्ण कुशीवर आणायची गरज नाही. पाठीशी उशी सरकवली की झालं. सूनबाईंनी दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा बाबांनी डावा हात उचलून खाटेची दांडी स्वतः धरली. तेही नियोजनात घातलं: दांडी धरायला सांगणे, जमेल तेवढं त्यांना करू देणे.

२७ सप्टेंबर

मूल्यमापनाचा रकाना. गठ्ठ्यातल्या सगळ्या प्लॅनमध्ये "ध्येय साध्य". मी बाबांच्या प्लॅनला "अंशतः साध्य" लिहिलं: गरमपणा आणि घट्टपणा कमी, दाबल्यावर रंग बदलतो, पण १७ तारखेच्या रात्री कूस बदलली गेली नाही. कारण आणि दुरुस्ती दोन्ही लिहिली. वर्गातल्या मुली म्हणाल्या, ताई, मार्क जातील. मार्क मूल्यमापनात गेले नाहीत. प्राधान्यक्रमात गेले. मी कातडी पहिल्या क्रमांकावर ठेवली होती आणि फीड फुफ्फुसात जाण्याचा धोका तिसऱ्या. श्वासाचं आधी, हे मॅडमनी पुन्हा ऐकवलं. जी गोष्ट हाताला लागली तिच्यात मन अडकलं होतं.

इंटर्नल प्रॅक्टिकलमध्ये बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी रुग्णाच्या खाटेशीच विचारलं, कागद न बघता सांगा आज रात्री याला कोण काय करणार. तेवढं मला सांगता आलं. मग त्यांनी कारणाच्या रकान्यातलं एक इंग्रजी वाक्य समजावून सांगायला सांगितलं, पुस्तकातून उतरवलेलं. तिथे गाडी अडली. आता कारण मी एका ओळीत, माझ्या इंग्रजीत लिहिते. व्याकरण जातं, पण विचारलं तर सांगता येतं.

१८ ऑक्टोबर

सोमवारपासून मानसोपचार. काल वॉर्ड दाखवायला नेलं. फॉर्मॅट तोच, सात रकाने, आणि मी लगेच विचारलं, इथे मोजायचं काय? ना प्रोब, ना टेप, ना नळी. ज्याला कानात आवाज येतात त्याचं ध्येय काय लिहायचं, "आवाज कमी होतील"? तिथल्या सिस्टर म्हणाल्या, रात्री किती तास झोपला ते लिहा, ताटातलं किती खाल्लं, न सांगता आंघोळीला गेला का, दुसऱ्या रुग्णाशी स्वतःहून किती वेळ बोलला.

झोपेचा तक्ता वॉर्डात आहे. पण तो रात्री तासातासाला भरतात की सकाळी एकदम, हे विचारायचं राहिलं. सोमवारी आधी रात्रीच्या सिस्टरांना गाठायचं, हँडओव्हरच्या वेळी.